सहल, परवाना आणि संयम

जून-जुलै २०२१ मधला महाराष्ट्र आठवावा. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती. सह्याद्रीवर पाऊस उतरला होता आणि मुंबई, ठाणे, पुण्याच्या सदनिकांमध्ये वर्षभराहून अधिक काळ कोंडलेली कुटुंबे खिडकीतून आभाळाकडे पाहत होती. त्या दिवसांत सहस्रावधी घरांत एकच प्रश्न विचारला गेला. ‘एक दिवस कुठे जाऊन आले तर चालेल का?’ प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु नागरी शिस्त म्हणजे काय, याची खरी कसोटी अशा क्षुल्लक प्रश्नांतच दडलेली असते. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे घोषित केले, त्याला आता काही काळ लोटला आहे. भीती सरली आहे आणि चिडही शमली आहे. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार करण्याची हीच वेळ आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. या काळातील बहुतेक निर्बंधांना १८९७ च्या साथरोग कायद्याचा आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार होता. त्यांतील पहिला कायदा मुंबई-पुण्यातील प्लेगच्या थैमानातून जन्मलेला. २०२० मध्ये जिल्ह्याची सीमा ओलांडण्यास ई-पास लागे. सप्टेंबरच्या आरंभी ती अट उठली आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा लागू झाली. ७ जून २०२१ पासून राज्यात पाच स्तरांची पद्धत आली. चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या व्यापलेल्या खाटा या दोन निकषांवर जिल्ह्याचा वा शहराचा स्तर ठरू लागला. पाचवा स्तर वगळता प्रवासाला सर्वसाधारणपणे मुभा मिळाली. त्याच वेळी लोणावळा परिसरासारख्या ठिकाणी स्थानिक प्रशासनाने पर्यटनबंदीचे आदेश काढले. म्हणजे एका आदेशाने रस्ता मोकळा केला आणि दुसऱ्याने मुक्कामाचे दार लावून घेतले.

या दोन आदेशांमधल्या फटीतून पुष्कळांनी आपली वाट काढली. भुशी धरणावर पोलीस उभे आहेत ना, मग आडगावचा एखादा धबधबा गाठू. गडाचा रस्ता बंद आहे, तर पायथ्याचे शेतघर भाड्याने घेऊ. कायदा मोडला गेला नाही आणि दंडही भरावा लागला नाही. परंतु गर्दी सरकली ती नेमकी अशा ठिकाणी, जिथे ना पोलीस, ना स्वच्छतागृह, ना वैद्य. नियमाचे अक्षर पाळले गेले आणि त्याचा हेतू मात्र पायदळी गेला.

तेव्हा ‘परवानगी आहे का?’ या प्रश्नाने निवाडा होत नाही. त्याच्या पुढचे तीन प्रश्न विचारावे लागतात. सोबत कोण? जायचे कुठे? आणि अंदाज चुकला तर त्याचे मोल कोणी चुकवायचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने आता पुरेसे स्पष्ट केले आहे. हा विषाणू मोकळ्या हवेत कमी आणि कोंदट जागेत सहज पसरतो. लागण झालेला माणूस लक्षणे दिसण्यापूर्वीही इतरांना बाधित करू शकतो. ‘आम्हांपैकी कोणाला ताप नाही’ हे प्रमाणपत्र म्हणूनच पोकळ ठरते. एकाच घरातील चौघे पहाटे जवळच्या टेकडीवर गेले, घरची शिदोरी खाऊन कोणाच्या संपर्कात न येता परतले, तर त्यात आक्षेपार्ह असे फारसे काही नव्हते. चार बिऱ्हाडांनी काचा लावलेल्या एकाच गाडीत दाटीवाटीने बसून तीन तासांचा प्रवास करावा, वाटेत टपरीवर घोळका करावा आणि एका ताटात जेवावे, हे मात्र कागदोपत्री वैध असतानाही त्याज्यच होते. धोका डोंगरावर नव्हता. तो गाडीत आणि पंगतीत होता.

दुसरा आणि तिसरा प्रश्न गावाशी निगडित आहे. डोंगराळ भागात सुमारे वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासकीय निकष आहे. तेथे खाटा साधारण चार ते सहा. कृत्रिम श्वासयंत्राची सोय नाही. अत्यवस्थ रुग्णाला घाट उतरून तालुक्याला किंवा जिल्ह्याला न्यावे लागते. शहरातला पाहुणा आजारी पडला तर तो आपल्या शहरातील रुग्णालयात परत जातो. त्याला भाकरी वाढणारी गृहिणी आजारी पडली तर तिच्या वाट्याला ते चार खाटांचे केंद्र येते. सहलीचा आनंद एकाच्या पदरी आणि जोखीम दुसऱ्याच्या माथी, हा व्यवहार कोणत्याही परवान्याने न्याय्य ठरत नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो. महाबळेश्वर-माथेरानचे घोडेवाले, टपरीवाले, खानावळी चालवणाऱ्या महिला यांची चूल पर्यटकांवर पेटते. तिथे न जाणे हाच त्यांच्यावर अन्याय नव्हे काय? त्यांची उपासमार खरी होती आणि तिची पुरेशी दखल घेतली गेली नाही, हेही खरे. परंतु आपल्या करमणुकीला परोपकाराचे नाव देणे ही आत्मवंचना आहे. गावाने आणि तेथील प्रशासनाने दार उघडले की जावे, चार पैसे अधिक खर्चावे. दार बंद असताना आडवाटेने शिरणाऱ्याने उपकाराची भाषा करू नये.

संयम शक्य होता, याची साक्ष याच मातीत मिळते. १ जुलै २०२० च्या आषाढीला शतकानुशतकांची पायी वारी निघाली नाही. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाड्यांतून मोजक्या सेवेकऱ्यांसह पंढरीला गेल्या. २०२१ मध्येही तेच घडले. लक्षावधी वारकऱ्यांनी घरूनच हात जोडले. २०२० च्या गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना दहा दिवस विलगीकरणात राहावे लागले. अनेकांनी ते निमूट सोसले. कित्येकांनी प्रथमच गावच्या गणपतीला मुंबईतूनच नमस्कार केला. ज्या समाजातील श्रद्धावंतांनी वारी थांबवली, त्या समाजातील सुखवस्तूंना धबधबा थांबवता येऊ नये?

मात्र दोषाचे माप एकट्या नागरिकाच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०२० मध्ये, देशभर टाळेबंदी असताना, एका धनाढ्य कुटुंबातील व त्यांच्यासोबतचे असे २३ जण खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचले ते गृह विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र घेऊन. अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. पण लोकांना जो बोध व्हायचा तो होऊन गेला. पुढच्याच महिन्यात, ८ मे रोजी, जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघालेले १६ श्रमिक करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांना सहलीला जायचे नव्हते, घरी जायचे होते. एकाच राज्यात, एकाच नियमाखाली ही दोन दृश्ये दिसली. नियम असा माणसागणिक बदलू लागला की सामान्य माणूस त्याचे पालन सोडतो आणि पळवाट शोधू लागतो.

प्रशासनाचा अतिरेकही विसरता येत नाही. एकट्याने फिरायला निघालेल्या ज्येष्ठांना भर रस्त्यात उठाबशा काढायला लावणे, मोकळी मैदाने आणि उद्याने दीर्घकाळ कुलूपबंद ठेवणे, यांतून रोग आवरला असे म्हणणे कठीण आहे. उलट घराजवळची मोकळी हवा नाकारली गेल्यानेच दूरच्या सहलीची ओढ बळावली. पायी जाता येईल असे हिरवे मैदान उघडे ठेवणे हा साथीच्या काळातील चैनीचा विषय नसून आरोग्याचा उपाय आहे, हा धडा नगरपालिकांनी आताच नोंदवून ठेवावा.

साथी पुन्हा येतील. त्या वेळी शासनाने नियम थोडे करावेत, त्यांची कारणे सांगावीत आणि ते सर्वांना सारखे लावावेत. घराघरांतून मात्र ‘चालेल का?’ हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकाला विचारण्याआधी, जिथे जायचे त्या गावातील माणसाच्या डोळ्यांनी स्वतःला विचारला जावा. त्याच्या दारात आपली गाडी थांबलेली पाहून त्याला आनंद होईल की धास्ती वाटेल, याचे उत्तर बहुतेकांना प्रवासाला निघण्यापूर्वीच ठाऊक असते.