गवताच्या गंजीपासून कोल्हापूरपर्यंत

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, बर्कशायरच्या डोंगरांत, विल्यम्सटाउन हे गाव आहे. तिथल्या विल्यम्स कॉलेजातले काही विद्यार्थी 1806 च्या उन्हाळ्यात बुधवारी आणि शनिवारी प्रार्थनेसाठी जमत, तेही इमारतीत नाही, बाहेर झाडांखाली. ऑगस्टमधल्या एका शनिवारी उकाडा असह्य होता म्हणून पाचच जण आले. सॅम्युएल मिल्स, जेम्स रिचर्ड्स, फ्रान्सिस रॉबिन्स, हार्वी लूमिस आणि बायरम ग्रीन. हूसिक नदीजवळच्या मॅपलच्या राईत ते बसले असता आभाळ भरून आले, विजा कडाडू लागल्या आणि पाचही जण राई सोडून कुरणातल्या गवताच्या गंजीच्या आडोशाला धावले.

पाऊस थांबेपर्यंत करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून बोलणे सुरू झाले. विषय होता आशिया. भूगोलाच्या अभ्यासात तो खंड नुकताच त्यांच्यासमोर आला होता. तिथे ख्रिस्ती धर्म पोहोचवायचा तर आपणच का जाऊ नये, असे मिल्सने विचारले. लूमिसला ते पटले नाही. आधी तिथले लोक ‘सुधारले’ पाहिजेत, नाहीतर गेलेले जीव गमावून बसतील, असे त्याचे म्हणणे. ज्या आशियाविषयी हा वाद चालला होता त्यात पुण्याच्या गादीवर दुसरा बाजीराव होता आणि राज्यकारभाराची दीर्घ परंपरा होती. गंजीआडच्या मुलांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांचा उत्साह खरा होता आणि अज्ञानही तितकेच खरे होते. शेवटी चौघांनी प्रार्थना केली, एक स्तोत्र म्हटले, तोवर पाऊस ओसरला.

त्या दुपारचा बराचसा तपशील बायरम ग्रीनच्या आठवणींतून आला आहे. पुढे तो अमेरिकी काँग्रेसचा सदस्य झाला आणि 1854 मध्ये त्याने गंजीची जागा दाखवून दिली. जवळजवळ पन्नास वर्षांनंतरची आठवण म्हटल्यावर बारकाव्यांवर फार भिस्त ठेवू नये. त्या जागी 1867 मध्ये संगमरवरी स्मारक उभे राहिले. त्याच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल आहे.

स्मारकापेक्षा पुढची साखळी महत्त्वाची. 1808 मध्ये या मुलांनी एक गुप्त मंडळ काढले आणि त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिली. 1810 मध्ये त्यांच्या खटपटीतून परदेशी मिशनसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. 1812 मध्ये पहिली तुकडी निघाली, पण ईस्ट इंडिया कंपनीने तिला कलकत्त्यात राहू दिले नाही. मंडळातला गॉर्डन हॉल आणि त्याचा सहकारी सॅम्युएल नॉट यांनी मुंबई गाठली ती फेब्रुवारी 1813 मध्ये. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तिथून झाला. हॉल मराठी शिकला, बायबलच्या भाषांतराला लागला आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने वारला. याच मिशनने 1842 मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले.

विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या मोठ्या मेळाव्याची बीजे तर कोल्हापुरातच पडली होती. रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये तिथे गेला. तोही विद्यार्थिदशेत त्याच गुप्त मंडळाचा सभासद होता. त्याचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरात जन्मला आणि पुढे प्रिन्स्टनला शिकला. जुलै 1886 मध्ये प्रचारक ड्वाइट मूडी यांनी कनेक्टिकट नदीकाठच्या माउंट हर्मन येथील शाळेत महाविद्यालयीन तरुणांचे शिबिर भरवले. सुमारे अडीचशे विद्यार्थी आले होते. कार्यक्रम बायबलच्या अभ्यासाचा होता, परदेशी मिशनचा नव्हे.

सकाळी व्याख्याने, संध्याकाळी सभा, आणि दुपार मोकळी, असा तिथला दिनक्रम होता. दुपारी मुले नदीत पोहत, बेसबॉल-टेनिस खेळत, डोंगरांत भटकत. आखीव कार्यक्रमात नसलेला विषय पसरायला याहून सोयीची जागा नव्हती. सुरुवातीला मिशनरी व्हायचे ठरवून आलेले वीस-एकवीस जण होते. रॉबर्टने त्यांना एकत्र केले. मग झाडाखालच्या बैठकांतून आणि फिरताना चाललेल्या गप्पांतून ही संख्या वाढत गेली. धर्मोपदेशक पीअर्सन यांचे एक भाषण आणि वेगवेगळ्या देशांच्या तरुणांनी आपापल्या देशाविषयी बोललेली एक संध्याकाळ यांचाही त्यात वाटा होता. तरीही मन वळवण्याचे रोजचे काम गप्पांनीच केले असावे, कारण एकेकाला बाजूला घेऊन शंका ऐकून घेणे व्यासपीठावरून जमत नाही. अखेरच्या दिवशी आकडा 99 होता; निरोपाच्या प्रार्थनेत आणखी एक आला आणि शंभर पूर्ण झाले.

त्या शंभरांत कॉर्नेलचा जॉन मॉट होता. त्याला 1946 मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. शिबिरानंतर रॉबर्ट वाइल्डर आणि त्याचा सहकारी जॉन फोरमन यांनी वर्षभर अमेरिका-कॅनडातली महाविद्यालये पालथी घातली आणि 1888 मध्ये विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ रीतसर उभी राहिली. मूडींचे मेळावे दुसऱ्या वर्षापासून नदीपलीकडे नॉर्थफिल्डला भरू लागले. सकाळी अभ्यास, दुपारी मैदान आणि नदी, सूर्यास्ताला राउंड टॉप या टेकडीवर बैठक, हा क्रम तिथे पक्का झाला. रॉबर्ट वाइल्डर 1890 च्या दशकात भारतात परतला तो इथल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत काम करण्यासाठी.