एकहाती व्यवसायाचे वेळापत्रक

लग्नासाठी मागविलेला बनारसी शालू मुहूर्तानंतर हाती आला, तर तो कितीही देखणा असो, व्यापाऱ्याची पत गेलीच. वाराणसीच्या मदनपुऱ्यात एकट्याने गादी चालविणाऱ्याचे काम अनेक हातांवर अवलंबून असते: नक्षीकार, रंगारी, ताणा लावणारा, विणकर, पाठीचे सुटे धागे कापणारा. एकाचा दिवस चुकला की पुढील साऱ्यांचे चुकतात.

त्याने प्रकल्प व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर अवश्य घ्यावे. मात्र मोठ्या उद्योगांचे अनुकरण करू नये. 'पर्ट' ही पद्धत १९५८च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रांसाठी विकसित झाली. तेथे असंख्य कंत्राटदार होते; येथे नोंद करणारा एकच, तीही रात्री गादी आवरताना, मोबाइलवर. नोंदीस फार वेळ लागला, तर सॉफ्टवेअर महिनाभरात विस्मरणात जाईल. (वही निदान उशाशी तरी राहते.) म्हणून पैसे भरण्यापूर्वी एक खरी मागणी आरंभापासून अखेरपर्यंत त्यावर चालवून पाहावी. देवनागरी चालते का, पुढे ते सोडावयाचे झाल्यास नोंदी एक्सेलमध्ये काढून घेता येतात का, हेही तपासावे. आलेखांची शोभा दुय्यम. विणकराला दिलेली उचल आणि शालू हाती येण्याची तारीख शेजारी शेजारी दिसली, तर हंगामासाठी किती कर्ज लागेल, हे बँकेची पायरी चढण्याआधीच त्याला कळेल.