काचेच्या जगवर आपले पुणे

आपल्या बहुतेकांच्या घरी लहान-मोठी शोकेस असते. तीत ताजमहाल असतो, कुठे काचेतला आयफेल टॉवरही असतो. ज्या पुण्यात आपण राबतो, त्या पुण्यातली एखादी वास्तू मात्र क्वचितच दिसते.

काचकाम आपल्या जिल्ह्याला नवे नाही. लोकांनी एकेक पैसा देऊन जमवलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. शहरात रंगीत काचा पाहायच्या तर वानवडीच्या शिंदे छत्रीत जावे. तशीच रंगीत काच आपल्याला घरीही करता येते.

त्यासाठी चित्र निवडा गंजपेठेतल्या महात्मा फुले वाड्याचे आणि हौदाचे. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हॉटेलात आपल्या वाडवडिलांचा कप वेगळा ठेवलेला असे, हे घरोघरी ऐकलेले आहे. म्हणून हे चित्र पाण्याच्या जगवरच शोभते.

साधा काचेचा जग साबणाने धुऊन कोरडा करा. कागदावर चित्र काढून तो आतल्या बाजूने चिकटपट्टीने लावा. बाहेरून काळ्या आउटलायनरच्या ट्यूबने रेघा ओढा. रेघ तुटली तर रंग पसरतो. रात्रभर वाळू द्या. मग ब्रशने ग्लास कलर भरा व पुन्हा नीट वाळू द्या. रंग आतून मुळीच लावू नका. तोंडाकडची दोन बोटे जागाही कोरी सोडा. असा जग गरम पाण्याने किंवा तारेच्या घासणीने धुऊ नये.

हात बसला की सरबताच्या रिकाम्या बाटलीवर भिडेवाडा काढा. १८४८ साली फुले दांपत्याने जेथे मुलींची शाळा सुरू केली, तो वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. आता त्याचे रूप जुन्या फोटोंतूनच उतरवावे लागेल. मुलांना हाताशी घ्या. रेघ ओढता ओढता इतिहासही कळेल.

पाहुणे आले की त्याच जगमधून पाणी द्या. चित्र कशाचे, असे कुणी विचारले तर उत्तर आपल्या मुलीला देऊ द्या.