रताळ्याचा वेल गोठ्यात, किडकं रताळं खड्ड्यात



आपल्या चंदगड-खानापूर भागात लाल मातीत रताळं पिढ्यान् पिढ्या होतंय. काढणीला दोन गोष्टी सगळीकडं दिसतात. वेल कापून बांधावर वाळत टाकतात आणि किडकं, काळं पडलेलं रताळं पाटीत भरून म्हशीपुढं नेतात. माझं म्हणणं, हे अगदी उलटं चाललंय. वेल गव्हाणीत जायला पाहिजे आणि किडकं रताळं खड्ड्यात.

आधी वेलाचं बघू. ज्वारीच्या कडब्यात वाळल्या वजनावर प्रथिनं ३ ते ५ टक्के असतात. रताळ्याच्या पाल्या-वेलात ती १२ ते १८ टक्क्यांपर्यंत जातात. सरकी पेंडीचं पोतं घेताना आपला जीव वर-खाली होतो, आणि घरची प्रथिनं बांधावर वाळवतो.

काही जण म्हणतात, बटाट्याचा पाला जनावराला बाधतो, मग हा कसा चालेल? बटाटा वांग्याच्या कुळातला. रताळ्याचं कूळ वेगळं आहे. त्याचा पाला गाय, म्हैस, शेळी आवडीनं खातात. कोवळ्या शेंड्यांची भाजी तर माणसंही खातात.

पण हिरव्या वेलात १०० किलोमागं ८५ किलोच्या आसपास पाणीच असतं. नुसता वेल पोटभर घातला तर शेण पातळ होणार. कापलेला वेल अर्धा दिवस सुकू द्यावा, कुट्टी करून कडब्यात मिसळावा, आणि पहिल्या आठवड्यात थोडा थोडा वाढवत न्यावा. पिकावर औषध मारलं असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय वेल दावणीला नेऊ नये.

आता किडक्या रताळ्याचं. माणसाला नको ते म्हशीला, ही सवय जिवावर बेतू शकते. सोंड्या भुंग्यानं पोखरलेलं किंवा बुरशी चढलेलं रताळं स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्य तयार करतं. बुरशी वाढली की त्यातूनच फुप्फुसावर जाणारं विष होतं. जनावराला धाप लागते, तोंड उघडं टाकून श्वास घेतं, मान लांब करतं. यावर खात्रीचा उतारा नाही. किडका भाग कापून उरलेलं घालू नका, उकडलं म्हणून चालेल असंही समजू नका. धाप दिसली तर खाणं थांबवून लगेच पशुवैद्यकाला बोलवा आणि काय घातलं होतं ते खरं सांगा.

चांगलं पण बारीक, बाजारात न चालणारं रताळं जरूर घाला. फक्त चिरून घाला. अख्खं रताळं घशात अडकतं.

कुणी विचारेल, उभ्या पिकातला वेल कापला तर रताळं बारीक राहणार नाही का? राहणार. पानंच खालचं रताळं पोसतात. म्हणून लावतानाच वाटणी करावी. पाच गुंठे असतील तर चार गुंठे घराला आणि बाजाराला, त्यातला वेल काढणीच्या दिवशीच कापायचा. एक गुंठा निव्वळ वैरणीचा, दोन महिन्यांनी कापायला सुरुवात करायची आणि बुडखा राखून पुन्हा फुटू द्यायचा. बेण्याचे शेंडेही त्याच गुंठ्यातून मिळतात.

आणखी एक फायदा. काढणीनंतर रानात पडलेल्या वेलात आणि राहिलेल्या रताळ्यांत सोंड्या भुंगा तग धरतो आणि पुढच्या पिकावर येतो. वेल उचलला की गोठ्याला वैरण आणि रानाची सफाई एकदमच. त्याला जोड म्हणून लावणीनंतर महिन्याभरात वरंब्याला मातीची भर द्यावी, भेगा बुजवाव्यात, आणि सलग त्याच रानात रताळं घेऊ नये. भुंगा भेगेतूनच रताळ्यापर्यंत पोचतो.

सल्ला देणाऱ्या साहेब लोकांना एक विनंती. वाणाची माहिती देताना फक्त कंदाचे टन सांगता, वेल किती निघतो तेही सांगत चला. आमच्यासारख्या दोन म्हशींच्या घरात एकादशीला रताळ्याचा भाव पडला तरी वैरणीचा भाव पडत नाही.

यंदा काढणीला दोन ढीग वेगळे करा. वेलाचा ढीग गोठ्याकडं. किडक्या रताळ्यांचा ढीग खोल खड्ड्यात, वर माती, जनावराचं तोंड पोचणार नाही असा.