वधूची स्वतःची यादी

लग्नसराई जवळ आली, कीं या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते. शालू घ्यावा कीं पैठणी, रुखवतांत काय मांडावें, केळवणें किती स्वीकारावींत, अशा प्रश्नांना आम्हीं वेळोवेळीं उत्तरें दिलीं आहेत. या खेपेस असोद्याहून एका लग्न ठरलेल्या पदवीधर मुलीचें पत्र आलें आहे. ती विचारते, "येत्या रविवारीं दोन्ही घरचीं वडील मंडळी याद्या करावयास बसणार आहेत. तेथें मीं बसावें काय? आणि बसल्यास मला काय बोलतां येईल?"

असोदें जळगांवपासून अवघ्या दोन कोसांवर. आमचें मूळ घरहि तेथलेंच. त्यामुळें उत्तर थोडें घरगुती होईल, त्याची वाचकभगिनींनीं क्षमा करावी.

आमच्या आत्याबाईंचें लग्न १९६४ सालीं तेथल्याच वाड्यांत झालें. त्या लग्नाची यादी अजून आमच्या घरीं जुन्या ट्रंकेंत आहे. आजोबांचें अक्षर मोत्यासारखें. वरमाईस लुगडें कोणतें, विहिणींच्या पंगतीस पक्वान्न काय, वरातीचा घोडा कोणीं आणावयाचा, वऱ्हाडाच्या बैलांना कडब्याच्या पेंढ्या किती, येथपर्यंत सारें त्यांत टिपलेलें आहे. वधूच्या दागिन्यांविषयीं मात्र एकच ओळ आहे : "मुलीच्या अंगावर रीतीप्रमाणें." पाटल्या, गोठ, ठुशी आणि मोहनमाळ मिळून चौदा तोळे सोनें घातलें होतें, असें आजी सांगत असे, कागद तसें सांगत नाहीं.

वीस वर्षांनीं आत्याबाईंचे यजमान वारले आणि सासरीं वांटण्या झाल्या. कपाटांतले सारे दागिने एका ताटांत ओतून घराण्याचे म्हणून मोजले गेले. आत्याबाई म्हणाल्या, "पाटल्या माझ्या माहेरच्या." धाकट्या दिरांनीं शांतपणें विचारलें, "वहिनी, कशावरून?" ते दुष्ट नव्हते. त्यांना खरोखरच माहीत नव्हतें, आणि ज्यांना माहीत होतें त्या सासूबाई तोंवर निवर्तल्या होत्या. आत्याबाईंच्या वांट्यास एक पाटली आली. जोडींतली दुसरी कोणाच्या हातांत गेली, हें त्यांनीं आम्हांस शेवटपर्यंत सांगितलें नाहीं.

तेव्हां या मुलीनें रविवारीं अवश्य बसावें. मानपानाचें वडील मंडळींनीं ठरवावें, त्यांत तिनें न पडणें बरें. एखादी रक्कम वा वस्तु मागणी म्हणून पुढें आली, तर मात्र संकोच सोडून बोलावें. १९६१ च्या कायद्यानें हुंडा घेणें, देणें आणि मागणें हे तीनहि गुन्हे आहेत. एरव्हीं तिनें ऐकावें, आणि घरीं येऊन आपली स्वतःची दुसरी यादी सुरू करावी.

ही दुसरी यादी आमच्या मनची कल्पना नव्हे. हुंडाबंदीच्या कायद्याखालीं १९८५ सालीं जे नियम झाले, त्यांत वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूनेंच ठेवावी, असें स्पष्ट म्हटलें आहे. कित्येक वकिलांच्या घरच्या मुलींनाहि हें ठाऊक नसतें! लग्नाच्या वेळीं किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर ती लेखी करावी. प्रत्येक वस्तूचें थोडक्यांत वर्णन, अदमासें किंमत, देणाऱ्याचें नांव आणि त्याचें वधूशीं वा वराशीं नातें लिहावें. आणि खालीं वधू व वर या दोघांनीं सही करावी. लिहितां न येणाऱ्या वधूचीहि सोय आहे : यादी तिला वाचून दाखवावी, वाचणाऱ्यानें सही करावी आणि तिनें अंगठा उठवावा.

हा अंगठ्याचा नियम वाचतांना असोद्याच्याच एका वधूची आठवण झाली. बहिणाबाई १८८० सालीं या गांवीं महाजनांच्या घरीं जन्मल्या आणि तेराव्या वर्षीं जळगांवीं चौधरींच्या घरीं सून म्हणून गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत आणि जात्यावर त्यांच्या मुखांतून जें निघालें, तें पुत्र सोपानदेव व पितांबर चौधरी यांनीं टिपून ठेवलें. म्हणून १९५१ सालीं त्या गेल्यावर पुढल्याच वर्षीं तें ग्रंथरूपानें महाराष्ट्राच्या हातीं आलें. आमच्या पत्रलेखिकेला टिपून घेण्यासाठीं दुसऱ्या कोणाची वाट पाहावयास नको.

स्त्रीधन हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. अग्नीसमक्ष दिलेलें, सासरीं जातांना दिलेलें, प्रीतीनें दिलेलें, आणि भाऊ, आई व बाप यांच्याकडून मिळालेलें, असे त्याचे सहा प्रकार मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत सांगितले आहेत. १९५६ च्या वारसा कायद्यानें तें सर्वस्वी स्त्रीच्या मालकीचें ठरविलें. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं तें सासरीं ठेवावयास दिलें तरी ठेवून घेणारा केवळ विश्वस्त असतो. आणि २०२४ सालीं पुन्हां सांगितलें, कीं तें पतिपत्नींची सामाइक मालमत्ता होत नाहीं. सूनमुख पाहतांना सासूबाई जें अंगावर घालतात, तेंहि वधूला दिलेलेंच असतें. यादींत माहेरचेंच लिहून सासरचें गाळूं नये. सासरच्या प्रेमाचीहि नोंद राहिली पाहिजे.

सोन्याची नोंद कशी करावी, तें नीट सांगतों. "पाटल्या, तोळे पांच" एवढें पुरत नाहीं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा; आजचा सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो. आत्याबाईंची ती पाटली अडीच तोळ्यांची म्हणून आम्हीं २५ ग्रॅमची समजत होतों. कांट्यावर ती २९ ग्रॅमच्या वर भरली. म्हणून वजन ग्रॅममध्येंच लिहावें. १ एप्रिल २०२३ पासून सराफानें विकावयाच्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची एक खूण असते; तिला एच. यू. आय. डी. म्हणतात, आणि ती प्रत्येक दागिन्याची निराळी असते. भिंगाखालीं ती वाचून यादींत उतरवावी. २२ कॅरटच्या सोन्यावर जोडीला ९१६ हा आंकडाहि दिसेल. दोन ग्रॅमच्या आंतल्या दागिन्यांना ही सक्ति नाहीं, त्यामुळें हलक्या नथीवर खूण सांपडेलच असें नाहीं. तिचें छायाचित्र चिकटवावें. आजीचे जुने दागिने तपासणी-केंद्रांत नेऊन कसाचा दाखला घ्यावा. जळगांवच्या सराफ बाजारांत जुनें मोडून नवें करण्याची हौस तर आपणां सर्वांनाच आहे! दागिना मोडला, कीं त्याच दिवशीं यादींत तसें लिहावें आणि मोडीची पावती जोडावी. पुष्कळदां स्त्रीधन मुशींतच हरवतें.

आतां खरी अडचण. नवऱ्या मुलाकडे सही मागावयाची कशी? सासरच्या माणसांना हा अविश्वास वाटेल, अशी भीति मुलींना असते. परंतु नियमाप्रमाणें वरानेंहि आपल्या भेटींची यादी ठेवावयाची असते आणि तिच्यावर वधूची सही लागते. तेव्हां दोन्ही याद्या एकदमच कराव्या. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशीं आहेराचीं पाकिटें उघडून कोणीं काय दिलें, तें लिहिण्याची चाल बहुतेक घरांत आहेच. त्याच बैठकींत दोघांनीं एकमेकांच्या यादीवर सह्या कराव्या, आणि शेजारीं सासूबाईंची व मामांची घ्यावी. वाण्याचा हिशेब आपण लिहून ठेवतों, तो वाण्याला चोर समजून नव्हे. हें बोलणें मुलीनें स्वतः काढण्यापेक्षां तिच्या मामांनीं विनोदानें काढलें, तर अधिक सोपें जातें.

यादीच्या तीन प्रती असाव्या : एक वधूजवळ, एक माहेरीं, एक बँकेच्या लॉकरमध्यें. लॉकर वधूच्या स्वतःच्या नांवें असावा.

लग्नाची नोंदणीहि याच आठवड्यांत उरकावी. महाराष्ट्रांतील १९९८ च्या कायद्याप्रमाणें लग्नापासून ९० दिवसांत, तीन साक्षीदारांसह निबंधकासमोर जावें लागतें. पाहुणे पांगल्यावर साक्षीदार गोळा करणें कठीण. लग्नपत्रिकेच्या दोन प्रती आठवणीनें बाजूस ठेवाव्या.

तारखेविषयीं दोन शब्द. जळगांवचा उन्हाळा मे महिन्यांत ४५ अंशांच्याहि वर जातो. होमाजवळ जड शालूंत वधूला भोवळ आल्याचें आम्हीं पाहिलें आहे. मिळाला तर गोरज मुहूर्त घ्यावा. आखाजीच्या आसपासचा दिवस धरतां आला, तर आणखी बरें. त्या सुमारास खानदेशांतल्या सासुरवाशिणी माहेरीं आलेल्या असतात. वाढावयास हात आणि गाण्यास गळे घरचेच मिळतात. सोनें मात्र त्या दिवशींच्या गर्दींत घेऊं नये. आठ दिवस अगोदर जावें, म्हणजे सराफ भिंग निवांतपणें हातांत देतो.