जेसीबी नको, विळा द्या!

आपल्या मराठवाड्यात कुठल्याही प्रश्नाला एक उत्तर तयार असतं, "जेसीबी लावा की!" नाला खोल करायचाय? जेसीबी. विहिरीचा गाळ काढायचाय? जेसीबी. मिरवणुकीत साहेबांवर फुलं उधळायचीत? तिथंही जेसीबीच! मग टेकडीवरच्या पायवाटेत झुडपं माजली तर दुसरं काय सुचणार? माझं मत मात्र अगदी उलट आहे. रानातल्या वाटेला मशीन एकदा लावण्यापेक्षा चार धारदार हत्यारं आणि दहा-बारा माणसं दरवर्षी लागतात. आणि ती माणसं आपल्या हॉस्टेलमध्ये आयती बसलेली आहेत.

मी मूळची लातूरची. लातूर जिल्ह्यात जंगल किती, तर एकूण जमिनीच्या एक टक्काही नाही. म्हणून की काय, आमच्याकडे झाडीच्या टेकडीला चक्क 'बेट' म्हणतात. भोवती शेतांचा समुद्र आणि मधे हे हिरवं बेट! उदगीर तालुक्यात देवर्जनचं हत्तीबेट, चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं संजीवनी बेट. नांदेडवाले त्या मानानं श्रीमंत. त्यांच्याकडे माहूर-किनवटचं सागाचं रान आहे, इस्लापूरजवळ सहस्रकुंडचा धबधबा आहे, शहराच्या जवळ वडेपुरीची रत्नेश्वरी आहे. इथल्या पायवाटा आपोआप टिकत नाहीत, हे मात्र कुणाच्या गावीही नसतं.

झाडं लावण्याचं आपल्याला भारी वेड. 2017 ते 2019 या तीन पावसाळ्यांत महाराष्ट्र सरकारनं 50 कोटी झाडांचा संकल्प केला, त्यातली 33 कोटी एकट्या 2019 साली. रोप हातात धरून काढलेले फोटो प्रत्येक कॉलेजच्या मॅगझिनमध्ये आहेत, आपल्याही. वाट साफ केल्याचा फोटो कुणी पाहिलाय? त्याला उद्‌घाटन नाही, फीत नाही, म्हणून पाहुणेही नाहीत.

वाट बंद झाली की काय होतं ते सांगते. लोक यायचे थांबत नाहीत, ते बाजूनं दुसरी वाट पाडतात. मग तिसरी. गवत तुडवलं जातं, मुरूम उघडा पडतो आणि पावसाचं पाणी त्याच वाटेनं धावत सुटतं. तीन-चार पावसाळ्यांत वाटेची घळ होते. दुसरं नुकसान आम्हा मुलींचं. आमच्या हॉस्टेलमागच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी झुडपं वाढली, पुढचं दिसेना. झुडपं काढायची सोडून नोटीस लागली, संध्याकाळी साडेपाचनंतर मुलींनी तिकडं जायचं नाही. वाढलं झुडूप, आणि आत बसायचं आम्ही! साप-विंचवाची भीती खरी आहे, नाही असं नाही. पण घोणस पायाखाली येते ती जमीन दिसत नाही म्हणून. माणसानं पायापुढचं पाहावं एवढी, म्हणजे चारेक फूट रुंद वाट मोकळी केली की निम्मी भीती तिथंच संपते.

मग जेसीबी का नको? कारण त्याला चार फूट येतच नाही. तो बारा फुटांचा रस्ता करतो. रस्ता झाला की मोटारसायकली येतात, त्यांच्यामागून पार्टीच्या पत्रावळ्या येतात, पुढच्या वर्षी सुशोभीकरणाचा निधी येतो आणि गट्टू बसतात. आपण गेलो होतो रानात फिरायला, ते रान कुठंय?

आता हत्यारांकडे येऊ. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला विळा, कोयता, खुरपं यातला फरक फर्स्ट इयरपर्यंत धड माहीत नव्हता. माझं या विषयातलं शिक्षण किनवटकडच्या एन.एस.एस. कॅम्पात झालं, आणि शिकवायला होत्या गावातल्या मावशी. गवताला विळा. आपल्या सॉक्समध्ये घुसणारं ते कुसळी गवत विळ्यानं मुळाशी धरून, स्वतःकडे ओढत कापायचं, आणि कुसळं पिकायच्या आत. नांदेड-लातूरकडे ज्याला कत्ती म्हणतात तो कोयता उसासाठी झकास, कारण ऊस एका घावात तुटतो. पण तोच कोयता अंगठ्याएवढ्या वाळल्या लाकडावर मारला की घाव निसटतो. तुटलंच तर मागं तिरपा, भाल्यासारखा खुंट राहतो. चप्पल घालून येणाऱ्या माणसाच्या तळपायात तो आरपार जाईल! म्हणून जाड खोडाला करवत, आणि काप जमिनीलगत सपाट. वरची फांदी काढायची तर आधी खालून थोडी चीर द्यायची, मग वरून कापायची. नाहीतर फांदी आपल्याच वजनानं मोडते आणि खोडाची साल सोलत खाली येते. उंचावरच्या बाभळीच्या काट्यांना शेळ्या राखणाऱ्यांची लांब दांड्याची आकडी. तिच्यापुढे आपल्या वर्कशॉपमधलं कुठलंच टूल मला इतकं हुशार वाटलेलं नाही.

घाणेरीचं प्रकरण वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बागेची शोभा म्हणून ती आणली, आता रानंच्या रानं तिनं बळकावलीत. ती वरून छाटली की दुप्पट फुटते, म्हणजे आपण घाम गाळून तिची मशागतच करतो. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी दाखवलेला उपाय असा, की जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मूळ तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं. यासाठी लागते कुदळ. साधी कुदळ!

ब्रश कटरला माझा विरोध नाही. सपाट, मोकळ्या जागी गवत फार असेल तर तो दिवसाचं काम तासात करतो. पण त्याचं पातं दगड गोळीसारखे उडवतं, पंधरा मीटरच्या आत दुसरं कुणी नको, चालवणाऱ्याला गॉगल आणि बूट हवेतच. आपल्या दगडाळ टेकड्यांवर, वीस पोरांच्या घोळक्यात तो नको, एवढंच.

सिव्हिलवाल्यांनो, तुमच्यासाठीही काम आहे. झाडी काढणं सोपं, पाणी काढणं अवघड. मातीच्या रस्त्याला तीन-चार टक्के कँबर, हे आपण वायवात पोपटासारखं सांगतो. पायवाटेला तोच हिशोब लावा. वाट उताराच्या बाजूला किंचित कललेली हवी, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवं निघून जातं. चढावर ठरावीक अंतरानं दगडांची एक तिरपी ओळ पुरून पाण्याला बाजूला वाट द्यायची. मावशींना कँबर शब्द ठाऊक नव्हता, पण त्यांनी फावड्यानं जो उतार काढला तो लेव्हल लावून काढल्यासारखा होता.

सरसकट साफसफाईही नको. वडवळच्या बेटावर उत्तरा नक्षत्रात लोक औषधी वनस्पती घ्यायला लांबून येतात. आपल्याला जे गवत दिसतं ते तिथं कुणाचं तरी औषध असतं. अशा ठिकाणी जाणकार गावकरी सोबत असल्याशिवाय विळासुद्धा उचलू नये. आणि राखीव जंगलात 1927 च्या वन कायद्यानं, अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव कायद्यानं, परवानगीशिवाय फांदी तोडणं हा गुन्हा आहे. आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचं पत्र, मग कोयता. वनखातं स्वतः उन्हाळ्याआधी जाळरेषा साफ करतं, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून पट्टे मोकळे ठेवतं. त्या कामाला हात कुणाला नको असतील?

कुणी म्हणेल, हे मागासलेपण झालं, जग कुठं चाललंय! तर जगाचंही सांगते. अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल नावाची सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. 1937 साली ती पूर्ण झाली आणि आजही तिची देखभाल मुख्यतः स्वयंसेवक करतात. तिथल्या 1964 च्या एका कायद्यानुसार राखीव निर्जन रानात मोटारीची हत्यारं चालत नाहीत. पडलेलं झाड दोघांनी दोन टोकांना धरून करवतीनं कापायचं. आपल्याकडच्या जुन्या सुतारांसारखं!

एन.एस.एस.मध्ये प्रत्येकाला वर्षाला 120 तास द्यायचे असतात. त्यातले 20 तास वाटेला द्या, एवढीच माझी मागणी. दिवाळीनंतरचे दोन रविवार झाडीसाठी, जूनच्या आधीचा एक चाऱ्यांसाठी. सुरुवात हॉस्टेलमागच्या वाटेपासून, कारण तिथं परवानगी कॉलेजचीच लागते. ते जमलं तर वनखात्याला पत्र देऊन रत्नेश्वरी. सामान फार नाही. दहा विळे, चार कुदळी, दोन फावडी, दोन करवती, एक आकडी, हातमोजे आणि एक फर्स्ट एड बॉक्स. गॅदरिंगच्या डीजेच्या बिलाहून हे नक्कीच स्वस्त पडेल! रेक्टर मॅडमनी तारीख सांगावी. विळ्यांना धार लावून आणायचं काम माझ्याकडे लागलं.