ज्या उपचाराला अंतिम तारीख नाही, ती शिक्षाच! (थ्रेड)

१/ गुन्हेगारांवरील वर्तनोपचारांचा इतिहास आपल्याला प्रगतीची चढती कमान म्हणून सांगितला जातो : आधी फटके, मग कोठडी, शेवटी विज्ञान. हा इतिहास अर्धवट आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या आरोपीला मध्यभागी ठेवा, म्हणजे कमान ढासळते.

२/ १९६८. अमेरिकेत बेअर, वुल्फ व रिझ्ली यांनी ‘उपयोजित वर्तन विश्लेषणा’ची चौकट मांडली. वर्तनाआधी काय घडते, नंतर पदरात काय पडते, हे मोजावे. त्यात बदल केला की वर्तन बदलते. निवडलेले वर्तन समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे असावे, ही त्यांची अट. पण तुरुंगात ‘समाज’ कोण? कैदी की पहारेकरी?

३/ त्याच वर्षी इंडियाना राज्यात २७ वर्षांच्या, मूकबधिर व बौद्धिक अक्षमता असलेल्या थिऑन जॅक्सनवर दोन लुटींचा आरोप आला. ऐवज एकूण ९ डॉलर! खटला समजण्याची क्षमता नाही, म्हणून ‘बरा होईपर्यंत’ त्याला डांबले. बरे होण्याजोगा आजार मुळात नव्हताच. दोष सिद्ध न होता ही जन्मठेपच ठरली असती. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले : स्थानबद्धतेचे स्वरूप आणि मुदत तिच्या हेतूशी सुसंगत हवी.

४/ त्याच १९७२ मध्ये मिसुरीतील स्प्रिंगफील्डच्या संघीय तुरुंग-रुग्णालयात ‘स्टार्ट’ प्रकल्प सुरू झाला. कैद्याच्या साध्या सोयी काढून घ्यायच्या आणि आज्ञाधारकपणाच्या बदल्यात पायरीपायरीने परत द्यायच्या. कैदी न्यायालयात गेले. १९७४ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. हे कैदी बौद्धिकदृष्ट्या सक्षम होते. ज्याला वकील म्हणजे काय हेच उमगत नाही, त्याने कोणाचे दार ठोठवावे?

५/ ‘पण पद्धत परिणामकारक आहे ना?’ आहे. १९८२ मध्ये इवाटा व सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेण्यामागील कारण प्रयोगाने शोधले. १९८५ मध्ये कार व ड्युरंड यांनी आक्रस्ताळेपणाऐवजी ‘मदत करा’ असे सांगायला शिकवले. हे या शास्त्राचे खरे वैभव. येथे माणसाला वाचा मिळते. ‘स्टार्ट’मध्ये फक्त आज्ञापालन मागितले जात होते. साधन तेच, धनी वेगळा.

६/ म्हणून परिणामकारकता हे समर्थन अपुरे आहे. फटकाही परिणामकारक असतो. इतिहासाच्या अभ्यासकाने प्रत्येक ‘सुधारणे’ला तीन प्रश्न विचारावेत : ध्येय कोणी ठरवले? नकार देण्याची सोय होती का? सुटकेची तारीख कोणाच्या हाती होती? उत्तरे न देणाऱ्या प्रकल्पाची नोंद ‘उपचार’ या सदरात करू नये.